लक्झेंबर्गला नव्याने येताय? पहिल्या तीन महिन्यांचा क्रम, कागद आणि थोडे आकडे

लक्झेंबर्गची माहिती शोधायला बसलं की पहिला आकडा समोर येतो तो दरडोई उत्पन्नाचा. जगाच्या यादीत हा देश कायम अगदी वरच्या रांगेत. त्या आकड्यावर भाळून पगाराची बोलणी करू नका. या देशात रोज सकाळी सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियममधून कामाला येतात आणि संध्याकाळी आपापल्या घरी परततात. त्यांनी केलेलं काम देशाच्या उत्पन्नात धरलं जातं, पण भागाकार करताना लोकसंख्येत ही माणसं नसतात. त्यामुळे दरडोई आकडा फुगतो. तुमचा पगार ठरवताना बघायचे दोनच आकडे: घरभाडं, आणि करकपातीनंतर हातात काय पडणार.

बाकीचे आकडे मात्र कामाचे आहेत. क्षेत्रफळ २,५८६ चौरस किलोमीटर, म्हणजे ३,७०२ चौरस किलोमीटरच्या गोव्याहूनही लहान. उत्तर-दक्षिण लांबी ८२ किलोमीटर, पूर्व-पश्चिम रुंदी ५७. जानेवारी २०२५ मध्ये लोकसंख्या होती सुमारे ६ लाख ८२ हजार. त्यातले ४७ टक्के परदेशी नागरिक, आणि राजधानीत तर हे प्रमाण ७० टक्क्यांच्या घरात. परदेशी माणसांत सर्वाधिक पोर्तुगीज. याचा अर्थ असा, की काउंटरवर बसलेल्या बाईंना तुमच्यासारखी माणसं रोज भेटतात. त्या गोंधळत नाहीत, पण क्रम चुकला तर सूटही देत नाहीत. इथे प्रत्येक कागद पुढच्या कागदाची अट असतो, आणि बहुतेक सगळ्यांच्या मुळाशी एक गोष्ट असते: तुमचा नोंदवलेला पत्ता.

पुढचा क्रम भारतीय पासपोर्टवर नोकरीसाठी येणाऱ्यांचा आहे. विद्यार्थ्यांचा आणि युरोपीय पासपोर्टवाल्यांचा काही ठिकाणी वेगळा असतो.

१. निघण्याआधी: दाखले आणि त्यांवरची नावं

निम्मी डोकेदुखी इथेच संपवता येते. आधी यादी:

- पासपोर्ट, पुरेशी मुदत असलेला. सगळ्या पानांची झेरॉक्स
- जन्मदाखला, प्रत्येकाचा स्वतंत्र, अपॉस्टिलसह
- विवाह नोंदणी दाखला, अपॉस्टिलसह
- पोलिसांकडील चारित्र्य दाखला
- पदवी प्रमाणपत्रं आणि गुणपत्रिका
- सही झालेला नोकरीचा करार आणि बायोडेटा
- मुलांचे लसीकरणाचे कागद आणि शाळेचे दाखले
- मूळ भारतीय वाहन परवाना
- चालू औषधांची चिठ्ठी, औषधांच्या मूळ नावासह

अपॉस्टिल म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, आणि त्याआधी राज्य सरकारचं साक्षांकन लागतं. एजंटामार्फत केलंत तरी वेळ हाताशी ठेवा. जुने जन्मदाखले नुसते मराठीत, हाताने लिहिलेले असतात. ते असतील तर नगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून नवा, मराठी-इंग्रजी छापील दाखला काढून घ्या. नाहीतर शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर करून घ्यावं लागतं आणि खर्च पानागणिक वाढतो. आपल्या पिढीतल्या अनेकांच्या जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नसतं, फक्त आईवडिलांची नावं आणि तारीख. हा दाखला इथे चालत नाही. नाव घालून घेण्याचं काम भारतात असतानाच उरका. इथून भावाला किंवा सासऱ्यांना पालिकेत हेलपाटे घालायला लावणं फार जिवावर येतं.

दुसरा सापळा खास आपला. जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, विवाह दाखल्यावर दोन्ही, पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनाव सासरचं. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण इथल्या कारकुनाच्या हिशेबी त्या दोन वेगळ्या बायका असतात. विवाह दाखल्यावर लग्नाआधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही नावं असतील तर प्रश्न सुटतो. नसतील तर एकाच व्यक्तीची ही नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून त्यालाही अपॉस्टिल लावून घ्या. आणि इथे आल्यावर सगळीकडे एकच नाव वापरा: पासपोर्टवर आहे ते, अक्षरशः तसंच. भाडेकरारावर ‘अमित कुलकर्णी’ आणि पासपोर्टवर ‘अमित सुरेश कुलकर्णी’ असं ठेवू नका.

२. परवानगी आधी, विमान नंतर

तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर देशात पाऊल ठेवण्याआधी इमिग्रेशन विभागाकडून तात्पुरत्या वास्तव्याची परवानगी घ्यावी लागते. ते एक साधं पत्र असतं आणि ९० दिवस चालतं. त्याच्या आधारावर ‘डी’ प्रकारचा व्हिसा मिळतो. पर्यटक व्हिसावर येऊन मग इथे बदलून घेऊ, हा सल्ला कोणी दिला तर कानाआड करा.

नवरा किंवा बायको आणि मुलांसाठी प्रत्येकी वेगळा अर्ज लागतो. एक चांगली गोष्ट: सप्टेंबर २०२३ पासून कुटुंब म्हणून आलेल्या जोडीदाराला वेगळ्या कामाच्या परवान्याशिवाय नोकरी करता येते. त्याआधीचे लेख वाचून ‘बायकोला काम करता येणार नाही’ असं गृहीत धरणारे अजून भेटतात.

कंपनीने तुम्हाला भारतातल्या पगारावरून थोड्या काळासाठी पाठवलं असेल, तर भविष्य निर्वाह निधीबद्दल आधी विचारा. भारत आणि लक्झेंबर्गमध्ये सामाजिक सुरक्षेचा करार आहे. भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचा दाखला असेल तर दोन्हीकडे वर्गणी भरावी लागत नाही.

३. घर: ज्या पत्त्यावर नोंद करता येईल तेच

सुरुवातीला महिना-दोन महिने सर्व्हिस अपार्टमेंट किंवा एखादी खोली घ्यावीच लागते. बुक करण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: या पत्त्यावर कम्यूनमध्ये (इथल्या नगरपालिकेत) माझी नोंद करू द्याल का? नाही म्हणाले तर जागा कितीही छान असो, सोडा. त्या एका नकारामुळे पुढची सगळी साखळी अडते.

कायमच्या घरासाठी तीन गोष्टी माहीत असू द्या. ऑगस्ट २०२४ पासून डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकं घेता येतं. आधी तीन महिने होतं. एजंटचं कमिशन मालक आणि भाडेकरू यांनी निम्मं-निम्मं भरायचं, पूर्वीसारखं सगळं तुमच्या डोक्यावर नाही. तरीही जुने आकडे सांगून बघणारे असतात. तिसरी गोष्ट, भाड्याव्यतिरिक्त ‘शार्ज’ नावाची दरमहा रक्कम असते. त्यात पाणी, हीटिंग, जिन्याची साफसफाई वगैरे येतं. त्यात नेमकं काय धरलंय ते करारात लिहून घ्या, कारण वर्षाअखेरी हिशेब होतो आणि हिवाळा कडक गेला तर फरकाचं बिल येतं.

घर ताब्यात घेताना पाहणीचा अहवाल बनतो. त्या दिवशी घाई करू नका. फरशीवरचा ओरखडा, बाथरूमच्या कोपऱ्यातली बुरशी, खिडकीचं न बसणारं हँडल, ओव्हनच्या दारामागचा डाग, सगळं फोटोसकट अहवालात घाला. आपल्याकडची फोडणी इथल्या किचनच्या पांढऱ्या भिंतींना मानवत नाही. एक्झॉस्ट नीट चालतो का आणि हवा खरंच बाहेर जाते की फिल्टरमधून परत खोलीत येते, हे तिथेच सुरू करून बघा. निघताना डिपॉझिट कापलं जातं ते बहुतेकदा याच भिंतींपायी.

कुठे राहायचं? शहरात गार, बोनव्वा आणि ओलेरिश हे स्टेशनजवळचे भाग, किर्शबेर्ग म्हणजे बँका आणि युरोपीय संस्थांचा भाग, गास्पेरिशला नव्या इमारती. भाडं झेपत नसेल तर दक्षिणेला एश-सुर-आल्झेट, डिफरडांज किंवा उत्तरेला मेर्श, एटेलब्रुक. ट्रेन असल्याने अंतर जाणवत नाही.

‘सीमेपलीकडे तिओनव्हिलमध्ये भाडं निम्मं आहे, तिथे राहू’ हा विचार सगळ्यांच्या मनात येतो. युरोपीय पासपोर्टवाल्याला ते सोपं आहे. तुमचं वास्तव्याचं कार्ड लक्झेंबर्गचं असतं, फ्रान्समध्ये राहायचं तर फ्रान्सची वेगळी परवानगी लागते. शेंगेन म्हणजे फिरण्याची मोकळीक, कुठेही घर करण्याची नाही. (ज्या शेंगेनच्या नावावरून हे सगळं चालतं ते मोझेल नदीकाठचं गाव याच देशात आहे. १४ जून १९८५ ला करार तिथेच झाला. एखाद्या रविवारी जाऊन या.)

४. तीन दिवसांच्या आत कम्यून

देशात १०० कम्यून आहेत, म्हणजे आपल्या नगरपालिका-ग्रामपंचायतींसारखी स्थानिक सरकारं. आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुमच्या कम्यूनमध्ये आगमनाची नोंद करायची. राजधानीत हे काम ‘बिअरगर-सेंटर’मध्ये होतं. भेटीची वेळ भारतात असतानाच बघून ठेवा, कारण शुक्रवारी उतरलात तर दिवस वाया जातात.

सोबत पासपोर्ट, तात्पुरत्या परवानगीचं पत्र, भाडेकरार किंवा मालकाचं संमतीपत्र, जन्म आणि विवाह दाखले. मूळ प्रती न्या. नोंद झाली की पावती मिळते. ती पावती आणि परवानगीचं पत्र एकत्र ठेवा. कार्ड येईपर्यंत कायदेशीर वास्तव्याचा पुरावा तोच.

घरी परतताना पुढचं काम: टपालपेटीवर नाव लावा. कुटुंबात दोन आडनावं असतील तर दोन्ही, भाड्याने खोली घेतली असेल तर मालकाच्या नावाखाली आपलं. या देशात बँकेच्या पिनपासून करखात्याच्या कागदांपर्यंत सगळं टपालाने येतं, आणि पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. फ्लॅट नंबर असा प्रकार फारसा नाही, पोस्टमन नावच वाचतो.

५. वैद्यकीय तपासणी, मग कार्डाचा अर्ज

तपासणीचे दोन भाग: इथल्या डॉक्टरकडून सर्वसाधारण तपासणी, आणि क्षयरोगाची चाचणी. दोन्हींच्या वेळा पहिल्याच आठवड्यात घ्या. वास्तव्याच्या कार्डाचा अर्ज आल्यापासून तीन महिन्यांत जावा लागतो आणि त्यातला बराच काळ वेळ मिळवण्यातच जातो. शुल्क बँकेतून भरायचं आणि पावती अर्जाला जोडायची. नंतर बोटांचे ठसे आणि फोटोसाठी बोलावतात.

कार्ड हातात येईपर्यंत देशाबाहेर जाण्याआधी व्हिसाची मुदत आणि त्यावर लिहिलेली प्रवेशांची संख्या बघा. कार्ड आल्यावरही पासपोर्ट जवळ ठेवा. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली, त्यामुळे सीमेपलीकडच्या ट्रिअरला स्वस्त शाम्पू आणायला जाताना बसमध्ये पोलीस चढू शकतात.

६. तेरा आकडी नंबर आणि बँक

कम्यूनमध्ये नोंद झाली, किंवा कंपनीने सामाजिक सुरक्षेत तुमचं नाव घातलं, की ‘मॅट्रिक्युल’ मिळतो. तेरा आकडे. पहिले आठ म्हणजे जन्माचं वर्ष, महिना, दिवस. पुढचे पाच पाठ करा, कारण डॉक्टर, औषधदुकान, पाळणाघर, करखातं, सगळीकडे हाच विचारतात. कार्डावर जन्मतारीख चुकलेली दिसली तर त्याच दिवशी कळवा. नंतर सगळीकडे ती चूक पसरते.

बँक खात्यासाठी पत्त्याचा पुरावा, करार आणि पासपोर्ट लागतो. खातं सुरू झालं की ‘लक्सट्रस्ट’ हे ऑनलाइन ओळखपत्र घ्या. सरकारी कामांच्या ‘मायगिशे’ या पोर्टलवर त्यानेच शिरता येतं आणि ते नसेल तर प्रत्येक दाखल्यासाठी रांग.

७. डॉक्टर: आधी खिशातून, मग परत

आरोग्य विमा पगारातून आपोआप कापला जातो आणि ‘सेएनएस’ ही राष्ट्रीय संस्था तो चालवते. जोडीदार कमावत नसेल आणि मुलं असतील तर त्यांना तुमच्या विम्यात जोडलंय का हे स्वतः तपासा.

व्यवहार असा: डॉक्टरांना पैसे तुम्ही देता, बिल सेएनएसला पाठवता आणि ठरलेल्या दराच्या साधारण ८८ टक्के प्रौढांना परत मिळतात. १८ वर्षांखालील मुलांचे पूर्ण. काही डॉक्टर आता थेट सेएनएसशी हिशेब करतात आणि तुमच्याकडून फक्त उरलेला भाग घेतात; वेळ घेताना विचारा. औषधांचे गट आहेत, १००, ८० किंवा ४० टक्के भरपाईचे, आणि ती कपात औषधदुकानातच होते.

बिल पाठवण्याआधी त्यावर पैसे मिळाल्याची डॉक्टरांची नोंद आहे का बघा. नसेल तर बिल परत येतं. पहिल्या बिलासोबत बँक खात्याचा तपशील जोडा आणि प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवा.

आजारपणाच्या रजेचे नियम मात्र कडक. पहिल्याच दिवशी ऑफिसला कळवायचं, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत डॉक्टरांचा दाखला दोन ठिकाणी पोहोचवायचा: कंपनीकडे आणि सेएनएसकडे. नवखी माणसं दुसरं ठिकाण विसरतात. रजेचे पहिले पाच दिवस डॉक्टरकडे जाण्यासारखी कारणं सोडून घराबाहेर पडायचं नाही. तपासनीस खरोखर येतात. तापात भाजी आणायला उतरलो होतो, हे कारण चालेलच असं नाही.

तातडीला ११२, पोलिसांना ११३.

८. मुलं असतील तर

वय वर्षं चारपासून शाळा सक्तीची आणि सरकारी शाळा फुकट. शाळा पत्त्यावरून ठरते, म्हणून घर निवडताना शाळा पण बघा. लहान वर्गात बोलणं लक्झेंबर्गिशमध्ये, लिहायला-वाचायला परंपरेने जर्मनमध्ये शिकवतात, मग फ्रेंच येतं. चार-पाच वर्षांचं मूल हे सहज पेलतं. दहा-अकराव्या वर्षी आलेल्या मुलाला मात्र थेट तिथे ढकलू नका. सरकारी युरोपीय शाळांत इंग्रजी विभाग आहेत, फी नाही. जागा कमी असतात, म्हणून नोकरी पक्की होताच अर्ज करा.

दोन गोष्टी मागितल्याशिवाय मिळत नाहीत. पाळणाघराच्या खर्चात सवलतीसाठी ‘शेक-सर्व्हिस’चा करार कम्यूनमध्ये जाऊन करायचा. आणि मुलांसाठी दरमहा साधारण तीनशे युरोंचा भत्ता मिळतो, त्याचा अर्ज वेगळा. कंपनी आठवण करून देत नाही.

९. पगारपत्रक

कराचे वर्ग तीन: १, १अ आणि २. विवाहित असून दोघंही इथे राहत असाल तर वर्ग २, आणि त्यात कर बराच कमी. जोडीदार नंतर येणार असेल तर सुरुवातीला वर्ग १ लागतो. जोडीदाराची कम्यूनमध्ये नोंद झाली, की करकार्ड बदललं का याचा पाठपुरावा करा.

इथली एक पद्धत मला फार आवडते: महागाई निर्देशांक ठरलेल्या टप्प्याने वाढला की देशातले सगळे पगार आणि पेन्शन आपोआप २.५ टक्क्यांनी वाढतात. बॉसला विचारावं लागत नाही. मे २०२५ मध्ये अशी एक वाढ लागली. पण लक्षात घ्या, मुलाखतीत एखादा ‘दरवर्षी पगारवाढ होते’ म्हणून हीच वाढ दाखवत असेल तर ती त्याची मेहेरबानी नव्हे, कायदा आहे. रजाही कायद्याने किमान २६ दिवस, शिवाय ११ सार्वजनिक सुट्ट्या.

१०. रोजचं जगणं, थोडक्यात

२९ फेब्रुवारी २०२० पासून देशभर बस, ट्राम आणि ट्रेनचा दुसरा वर्ग फुकट आहे. तिकीटच नाही. सीमा ओलांडली की पुढच्या टप्प्याचं तिकीट लागतं, आणि पहिल्या वर्गात चुकून बसलात तर दंड. मार्च २०२५ पासून ट्राम थेट फिंडेल विमानतळापर्यंत जाते, तेव्हा दोन बॅगा असल्या तरी टॅक्सीची गरज नाही.

विक्रीकर १७ टक्के, युरोपीय संघात सर्वांत कमी, आणि खाण्याच्या वस्तूंवर ३ टक्के. रविवारी बरीच दुकानं बंद किंवा अर्धा दिवस असतात. शनिवारीच सामान भरा. कचऱ्याचं वेळापत्रक कम्यून देतं. प्लास्टिक बाटल्या, डबे आणि पेयांची खोकी निळ्या पिशवीत.

गाडी चालवायची असेल तर भारतीय परवाना वास्तव्याच्या पहिल्या वर्षातच बदलून घ्या. वर्ष उलटलं की परीक्षा. ही तारीख आजच फोनमध्ये टाका.

११. भाषा आणि पुढचं

ऑफिसात इंग्रजी चालतं, दुकानात फ्रेंच, शेजारच्या आजोबांशी लक्झेंबर्गिश. पहिल्या वर्षी फ्रेंच शिका, कारण कम्यून, डॉक्टर आणि नळ दुरुस्त करणारा तिन्ही त्याच भाषेत भेटतात. लांबचा विचार असेल तर लक्झेंबर्गिश सुरू करा; नोकरीत असताना ती शिकण्यासाठी २०० तासांपर्यंत रजा मिळू शकते.

कम्यूनच्या निवडणुकीत परदेशी नागरिकांना मत देता येतं. २०२२ च्या कायद्याने त्यासाठीची वास्तव्याची अटही काढली. फक्त मतदार यादीत नाव स्वतः घालावं लागतं.

पाच वर्षांनी, भाषेची परीक्षा देऊन, नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. लक्झेंबर्ग दुहेरी नागरिकत्व मान्य करतं, भारत करत नाही. गावाकडची शेतजमीन, बँकेतली खाती आणि आईवडिलांकडचं येणं-जाणं यांचा हिशेब आधी मांडा, मग फॉर्म भरा. तोवर कार्डाच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या दोन महिने आधी टाकत चला, आणि पासपोर्टची मुदत त्याही आधी बघा.